पहिलंच गाणं आपल्या मुंबईचं! मेडनचा 'फ्लाइट ६६६' आणि लाइव्ह अल्बम नावाची भानगड

फीतकर | शनिवार, रात्री ११:१२

परवा माळा आवरताना कॅसेटींचा डबा हाती लागला. त्यात एक साठ मिनिटांची कॅसेट, निळ्या बॉलपेनने 'लाइव्ह आफ्टर डेथ' लिहिलेली. माझं अक्षर नव्हे, वर्गमित्राच्या थोरल्या भावाचं. अकरावीत असताना त्याच्या हातापाया पडून भरून घेतली होती.

आयर्न मेडन या ब्रिटिश हेवी मेटल बँडचा हा अल्बम १९८५ चा. बराचसा भाग त्या वर्षीच्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियात लाँग बीचला ध्वनिमुद्रित झालेला, शेवटची पाच गाणी त्याआधीच्या ऑक्टोबरात लंडनच्या हॅमरस्मिथ ओडिअनला. सगळा मिळून शंभर मिनिटांच्या वर. माझ्याकडे कॅसेट एकच, साठची. त्यामुळे दादाने कात्री चालवली. पहिली बाजू 'फ्लाइट ऑफ इकरस'पर्यंत भरली आणि पाचेक मिनिटं उरली. ती फुकट का घालवा, म्हणून त्याने पुढचं 'राइम ऑफ द एन्शंट मरिनर' तसंच चालू ठेवलं. गाणं तेरा मिनिटांचं. ज्यांना माहीत आहे त्यांना कळलंच असेल: पाच मिनिटांच्या आसपास ते गाणं थांबल्यासारखं होतं. वारा पडलेला, जहाज जागच्या जागी, नुसती लाकडं करकरतायत. माझी फीत नेमकी तिथे संपायची. कॅसेट उलटली की थेट 'पॉवरस्लेव्ह'.

पुढची कित्येक वर्षं मला वाटायचं, गाणं एवढंच आहे. जहाज अडकलं, सगळे मेले, संपलं. काय भारी शेवट केलाय, असं मी चार जणांना सांगितलंसुद्धा आहे.

आता मूळ मुद्दा. १ फेब्रुवारी २००८ ला मेडन मुंबईत वाजवून गेले, वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानात. मी होतो. त्या दौऱ्यावर पुढच्या वर्षी 'फ्लाइट ६६६' हा माहितीपट आणि त्याच नावाचा दुहेरी अल्बम आला. गाणी सोळा आणि शहरंही सोळा, प्रत्येक गाणं वेगळ्या गावचं. त्यात पहिलं 'एसेस हाय' मुंबईचं! म्हणजे जगात कुठेही कुणी हा अल्बम लावला की आधी आपला आरडाओरडा ऐकू येतो. अभिमान आहेच. पण खरं सांगू? ते एक गाणं ऐकतो आणि बंद करतो. दुसऱ्या गाण्याला मेलबर्न, तिसऱ्याला सिडनी, चौथ्याला टोकियो. एका रात्रीचा कार्यक्रम ऐकतोय असं वाटतच नाही, कुणाच्या तरी पासपोर्टाची पानं उलटतोय असं वाटतं.

तर प्रश्न असा: सोळा गावचं पाणी एका माठात भरलं, तर त्याला लाइव्ह अल्बम म्हणायचं का?

ढोलताशा | शनिवार, रात्री ११:३१

पहिला नंबर माझा! नंतर सविस्तर लिहितो. तूर्तास वाखु (वाचनखूण) साठवली.

डेक्कनची_राणी | रविवार, सकाळी ८:०५

तेव्हा मीही होते! पुण्याहून आम्ही पाच जणी, सकाळच्या डेक्कन क्वीनने. शुक्रवार होता, माझ्या ऑफिसात 'मावशीकडे साखरपुडा' असं सांगितलेलं. काळा टीशर्ट पर्समध्ये, वर कुर्ता. दादरला उतरून मैत्रिणीकडे कपडे बदलले आणि वांद्र्याहून रिक्षा केली. रिक्षावाल्याने आरशातून तीनदा पाहिलं, मग विचारलं, "कोणाचं काही झालंय का, सगळ्यांनी काळे का घातलेत?"

मैदानात धूळ एवढी की पहिली दोन गाणी नाकाला ओढणी लावूनच ओरडले. पाण्याच्या बाटल्या फाटकावरच काढून घेतल्या, आत मिळत होतं ते पाणी संपलेलं. कुणाच्या बंदोबस्तात हे होतं ते जाऊ दे, पण शेवटी अनोळखी मुलांच्या बाटलीतून घोट-घोट पाणी पिऊन दिवस काढला.

दिवे जाण्याआधी स्पीकरवर यूएफओ या बँडचं 'डॉक्टर डॉक्टर' लागलं. मेडनच्या कार्यक्रमाची ही घंटा असते, नाटकाच्या तिसऱ्या घंटेसारखी. माहीत असलेले लगेच किंचाळले, आणि ते किंचाळले म्हणून माहीत नसलेलेही. अल्बममध्ये ते गाणं नाही, थेट 'एसेस हाय'आधीच्या चर्चिलच्या भाषणापासून सुरुवात आहे. त्यामुळे मला तो अल्बम अर्धवट वाटतो, गावं सोळा आहेत म्हणून नव्हे.

परतीला दादरहून शिवनेरी. पहाटे घरी. साखरपुडा कसा झाला, असं आईने विचारलं तेव्हा आवाजच फुटेना.

बेसूर_बाबू | रविवार, सकाळी ९:४८

फीतकर, तुमचा आक्षेप मान्य करायचा तर 'मेड इन जपान'ही बाद करावा लागेल. डीप पर्पलचा हा अल्बम म्हणजे लाइव्ह अल्बमांची गाथा म्हणतात ना? तो तीन रात्रींतून वेचलेला आहे. १५ आणि १६ ऑगस्ट १९७२ ओसाका, १७ ला टोकियोचं बुदोकान. सात गाण्यांपैकी चार ओसाकाच्या दुसऱ्या रात्रीची, 'द म्यूल' आणि 'लेझी' टोकियोची, आणि 'स्मोक ऑन द वॉटर' एकटं ओसाकाच्या पहिल्या रात्रीचं. ऐकताना कुठे सांधा जाणवतो? मला तरी तीस वर्षांत जाणवला नाही.

गंमत म्हणजे हा अल्बम मुळात फक्त जपानी बाजारासाठी होता, तिथल्या कंपनीच्या आग्रहाखातर केलेला. बँडला त्याचं काडीचं सोयरसुतक नव्हतं. आठ ट्रॅकचं यंत्र, खर्च तीनेक हजार डॉलर, आणि मिक्सिंगला पाच जणांपैकी फक्त रॉजर ग्लोव्हर आणि इयन पेस गेले. ध्वनिमुद्रण कुणी केलं? मार्टिन बर्च. आणि तेरा वर्षांनी तुमच्या त्या निळ्या बॉलपेनवाल्या 'लाइव्ह आफ्टर डेथ'चा निर्माता कोण? तोच मार्टिन बर्च!

फेडर | रविवार, दुपारी १:२०

धाग्यात उतरावंच लागलं. मी वीस वर्षं मिक्सरमागे उभा आहे. लग्नातला ऑर्केस्ट्रा, गणपतीतले कार्यक्रम, कॉलेजांचे फेस्ट, सगळं केलंय. मेडनच्या आसपासही गेलेलो नाही, पण तारा सगळीकडे सारख्याच.

स्टेजवरच्या प्रत्येक माइकचा सिग्नल फोडून तीन ठिकाणी जातो. एक समोरच्या मिक्सरला, म्हणजे जनतेला ऐकू येतं ते. दुसरा मॉनिटरला, कलाकाराला ऐकू येतं ते. तिसरा रेकॉर्डिंगला. तिसऱ्यात प्रत्येक वाद्य स्वतंत्र ट्रॅकवर पडतं. ते घेऊन नंतर स्टुडिओत निवांत मिक्स करायचं. 'फ्लाइट ६६६'ला ते काम केव्हिन शर्लीने केलंय.

आता खरी कटकट, पब्लिक. गर्दीसाठी वेगळे माइक लावतात, काही स्टेजच्या कडेला जनतेकडे तोंड करून, काही मागे. आवाजाला एक मीटर जायला साधारण तीन मिलिसेकंद लागतात. पन्नास मीटर मागचा माणूस टाळी वाजवतो ती मुळातच दीडशे मिलिसेकंद उशिरा, कारण त्याला गाणंच उशिरा पोचलंय. ती टाळी तशीच घेतली तर अख्खी मुंबई बेताल आहे असं वाटेल. त्यामुळे सरकवून, जुळवून घ्यावी लागते. त्यात वांद्र्याचं उघडं मैदान. वर छप्पर नाही, आवाज उठतो आणि वाऱ्यावर जातो. याउलट टोरंटो, न्यू जर्सी ही बंद सभागृहं, तिथे तोच आवाज भिंतीला आपटून घुमतो. ही दोन्ही एका अल्बममध्ये शेजारी बसवायची म्हणजे गर्दीला मेकअप आलाच.

आणि लोक ज्याला फसवणूक म्हणतात ती ओव्हरडबिंग, म्हणजे चुकलेला भाग नंतर स्टुडिओत वाजवून चिकटवणं, ती सत्तरच्या दशकात सर्रास चालायची. किसचा १९७५ चा 'अलाइव्ह!' घ्या, बराच दुरुस्त केलेला. जूडास प्रीस्टच्या 'अनलीश्ड इन द ईस्ट'ला तर चाहतेच 'अनलीश्ड इन द स्टुडिओ' म्हणतात. थिन लिझीच्या 'लाइव्ह अँड डेंजरस'वर निर्माता एक बोलतो, बँडवाले दुसरंच. दुसऱ्या टोकाला 'द हू' हा बँड. 'लाइव्ह ॲट लीड्स', १४ फेब्रुवारी १९७०. तारांची खरखर राहिली होती, तर तबकडीच्या लेबलवरच लिहून टाकलं की खरखर ठीक आहे, दुरुस्त करू नये.

मला विचाराल तर गर्दीला जुळवणं गुन्हा नाही. गायकाला जुळवलं तर गुन्हा.

शंकासुर | रविवार, दुपारी ३:०२

विषय चांगला आहे, पण एक खटकलं ते बोलून टाकतो. 'एसेस हाय'च्या आधी काय वाजतं? चर्चिलचं भाषण. समुद्रकिनाऱ्यांवर लढू, शरण जाणार नाही वगैरे. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसं मेली तेव्हा लंडनमध्ये पंतप्रधान कोण होता? आणि त्याच माणसाच्या आवाजावर मुंबईतली हजारो पोरं आरोळ्या ठोकतात, आणि तेच अल्बमचं पहिलं मिनिट आहे. कुणालाच काही वाटलं नाही?

ढोलताशा | रविवार, दुपारी ३:१०

झालं! पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

फीतकर | रविवार, दुपारी ३:४१

शंकासुर, प्रामाणिक उत्तर देतो. मीही ओरडलो. भाषणातलं शेवटचं वाक्य आजूबाजूचे सगळे तोंडपाठ म्हणत होते, मीही म्हणालो. दुष्काळाबद्दल मला तेव्हाही माहीत होतं. पण त्या क्षणी तो चर्चिल नव्हता, गिटार सुरू व्हायच्या आधीचे चाळीस सेकंद होता. हे समर्थन नाही. तुम्ही म्हटल्यावर आज ते पुन्हा ऐकलं आणि थोडं चरचरलं.

बेसूर_बाबू | रविवार, दुपारी ४:१५

चर्चिलवर वेगळा धागा काढा, तिथे मी तुमच्याच बाजूने भांडेन. पण त्या भाषणाची एक गोष्ट या धाग्यात चपखल बसते. भाषण ४ जून १९४० चं, हाउस ऑफ कॉमन्समधलं. तेव्हा तिथलं कामकाज ध्वनिमुद्रित होतच नसे. आज आपण जो आवाज ऐकतो तो चर्चिलने १९४९ मध्ये स्वतःच्या घरी बसून पुन्हा वाचून मुद्रित केलेला. युद्ध जिंकून चार वर्षं झाल्यावर!

म्हणजे बघा. लाइव्ह अल्बमची सुरुवातच ओव्हरडबने होते.

फेडर | रविवार, दुपारी ४:२२

=)) =)) साष्टांग दंडवत, बाबू!

गायकाला जुळवणं गुन्हा, हे वाक्य आता मागे घेऊ की काय?

मंद्रसप्तक | रविवार, संध्याकाळी ७:३०

मला या संगीतातलं फारसं कळत नाही. मुलाच्या खोलीतून येतं तेवढंच कानावर. पण चर्चा वाचून एक जाणवलं, ते लिहितो.

तुम्हा मंडळींच्या बोलण्यात स्टुडिओतलं गाणं हे मूळ, आणि मैफलीतलं ते त्याचं दुसरं रूप. मग ते मुळाशी किती इमान राखतं, किती रात्रींचं आहे, कुठे चिकटवलंय, असे प्रश्न पडतात. आमच्याकडे उलटं आहे. मैफल हेच मूळ. जुन्या तबकड्यांवर तीन-साडेतीन मिनिटांत राग बसवायचे, तीच तडजोड होती. म्हणून कुणा गवयाचं खाजगी बैठकीतलं ध्वनिमुद्रण मिळालं की रसिक जीव टाकतात, मग त्यात खोकला असो, पंख्याची घरघर असो, मध्येच कुणी तरी "चहा आला का" विचारलेलं असो.

आणि गर्दीचं म्हणाल, तर संगीत नाटकात बालगंधर्वांच्या पदांना वन्स मोअर पडायचे. तेच पद पुन्हा, आणि दुसऱ्यांदा वेगळ्या हरकतींनी. त्यातलं कुठलं खरं? दोन्ही, नाही का? तुमच्या त्या मुंबईच्या गाण्यातही लोकांनी काहीतरी घातलं असेलच. ते ऐकू येतं का, एवढंच मला विचारायचंय.

डेक्कनची_राणी | रविवार, रात्री ८:५५

मंद्रसप्तक काका, ऐकू येतं. ध्रुवपदाला मेडनचा गायक डिकिन्सन, त्याच्या मागे आम्ही आहोत. सुरात नाही, पण आहोत.

आणि एक राहून गेलं. हे गाणं पहिलंच, आणि त्यातलं ध्रुवपद भयंकर उंच. बाकी गायक अशी गाणी गळा तापल्यावर घेतात. त्यात हा त्या दौऱ्याचा पहिलाच कार्यक्रम. माझ्या कानाला त्याचा आवाज तिथे थोडा ताणलेला वाटतो. शर्लीने तो तसा राहू दिला, याबद्दल मी त्याची ऋणी आहे.

एडिसनकर | सोमवार, पहाटे ५:१८

इकडे रविवार संध्याकाळ आहे, जेवणं आटोपून बसलोय. धागा एका दमात वाचला, आणि फीतकर, तुमच्यासाठी एक बातमी आहे.

'फ्लाइट ६६६'वरचं 'राइम ऑफ द एन्शंट मरिनर' कुठलं आहे ते पाहिलंत का? न्यू जर्सीचं. १४ मार्च २००८, ईस्ट रदरफोर्डचं आयझॉड सेंटर. एडिसनहून अर्ध्या-पाऊण तासावर. मी होतो तिथे! म्हणजे तुमची कॅसेट जिथे संपली, तिथून पुढचं गाणं आमच्या गावात वाजलं.

तो मधला भाग मला लख्ख आठवतो. बेसचे एकेक सूर, करकर, आणि वीस हजारांच्या जागेत माणसं गप्प. माझ्या शेजारी साठीचा एक गोरा आजोबा डोळे मिटून उभा होता. पुढे स्टीव्ह हॅरिसचा बेस हळूहळू चढत जातो, वारा सुटतो, आणि जहाज हलतं. तेव्हा त्या आजोबाने माझा दंड असा पकडला की दुसऱ्या दिवशी वळ होता. आयझॉड सेंटर २०१५ साली बंद पडलं. आता त्या रस्त्याने जाताना मुलांना सांगतो, तर ती फोनमधून डोकं वर काढत नाहीत.

आणि पासपोर्टाच्या पानांबद्दल. अहो, त्या दौऱ्याचं मर्मच ते होतं! बोइंग ७५७ भाड्याने घेतलं, मागच्या खुर्च्या काढून तिथे बारा टन सामान भरलं, पुढे बँड आणि सगळी माणसं, आणि विमान चालवायला स्वतः ब्रूस डिकिन्सन. तो खराखुरा वैमानिक होता, परवानाधारक, त्या विमान कंपनीत कॅप्टन. एरवी असा बँड एका खंडात फिरतो, कारण सामान जहाजाने किंवा मालवाहू विमानाने पुढच्या खंडात न्यायचं म्हणजे वेळ आणि पैसा दोन्ही जातं, मग मधली मुंबई, बोगोटा, सॅन होसे ही शहरं हिशेबातच बसत नाहीत. सामान आणि माणसं एकाच विमानात बसल्यावर ती बसली. १ फेब्रुवारीला मुंबई, १६ मार्चला टोरंटो, ४५ दिवसांत २३ कार्यक्रम. विमानच नसतं तर तुमचं 'एसेस हाय'ही नसतं. वैमानिकांवरचं गाणं, गाणारा वैमानिक, आणि तोच विमान घेऊन आलेला.

गाण्यांचा क्रमही पाहा. तो त्या रात्रींच्या कार्यक्रमाचाच आहे. पहिलं ते सोळावं, जसं स्टेजवर वाजलं तसंच. मुंबईत तुम्हीही याच क्रमाने ऐकलंत, मीही. फक्त प्रत्येक गाण्याला माणसं बदलतात.

बेसूर_बाबू | सोमवार, सकाळी ९:०२

एडिसनकर, जोरदार प्रतिसाद. पण मला अजूनही एका रात्रीचा अल्बम हवाच. 'रॉक इन रिओ' आहे ना. १९ जानेवारी २००१, अडीच लाख माणसं, अख्खा कार्यक्रम, आणि त्याचंही मिक्सिंग शर्लीचंच. 'फिअर ऑफ द डार्क'च्या सुरुवातीला गिटारची धून ब्राझीलची जनता गाते, शब्द नसलेली. ते ऐकल्यावर स्टुडिओतलं गाणं पोरकं वाटायला लागतं. मंद्रसप्तकांच्या प्रश्नाला हे खरं उत्तर आहे. लोकांनी घातलेलं तिथे इतकं आहे की गाणं त्यांचंच झालंय.

मुंबईचं गाणं त्या तोडीचं नाही. आपलं आहे म्हणून आवडतं, हे कबूल करायला काय हरकत आहे?

डेक्कनची_राणी | सोमवार, सकाळी ९:२०

हरकत काहीच नाही. आपलं आहे म्हणूनच आवडतं. :)

फीतकर | सोमवार, रात्री १०:४७

सगळ्यांचे आभार. आज संध्याकाळी दोन गोष्टी केल्या.

एक, एडिसनकरांनी सांगितलं म्हणून 'फ्लाइट ६६६'चं 'राइम' हेडफोन लावून ऐकलं. ते एवढ्या वर्षांत कधी नीट ऐकलंच नव्हतं, मुंबईपुढे जायचोच नाही. मधल्या शांततेत त्या आजोबाला शोधत होतो. सापडला नाही, पण जहाज हललं तेव्हा माझाच हात माझ्या दंडावर गेला.

दोन, जुन्या डेकचा पट्टा बदलला आणि निळ्या बॉलपेनवाली कॅसेट लावली. फीत थोडी ओढल्यासारखी चालते, त्यामुळे डिकिन्सनला सर्दी झाल्यासारखा वाटतो. पहिली बाजू पूर्ण ऐकली. शेवटी बेसचे एकेक सूर, लाकडाची करकर, आणि खट्. बटण वर आलं.

पुढचं गाणं आता तोंडपाठ आहे. तरी क्षणभर वाटलं, संपलं.

फेडर | सोमवार, रात्री ११:०५

पट्टा कुठे मिळाला? माझाही डेक दोन वर्षं बंद पडलाय.

फीतकर | सोमवार, रात्री ११:१९

पुण्यात, पासोड्या विठोबाजवळच्या गल्लीत. जुना पट्टा सोबत न्या, मापाला लावून देतात. सैल देत असतील तर घेऊ नका, माझा पहिला तसाच निघाला.